पाच मूव्ह आणखी हव्यात का?

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली;
तसेच तीन जुळवायचे मोबाइल गेम बनवून विकणाऱ्या सर्व कंपन्यांना



हे पत्र बंदी मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीन गोळ्या जुळवून फोडायचे गेम मी स्वतः खेळतो. कर्जतहून सीएसएमटी शंभर किलोमीटर, लोकल साधारण दोन तास घेते. काही गाड्या आमच्याकडूनच सुटतात म्हणून खिडकी मिळते, एवढंच काय ते सुख. बदलापूरला डबा असा भरतो की पेपर उघडायची सोय राहत नाही. अशा जागी हे गेम बरोबर बसतात. एका हाताने कडी धरायची, दुसऱ्या हातात फोन उभा, आणि सगळं काम अंगठ्याचं. आवाज बंद ठेवला तरी काही बिघडत नाही. वाटेत नेटवर्क गेलं तरी बहुतेक गेम चालू राहतात. समोर कुणी खेळाडू ताटकळत नसतो, स्टेशन आलं की फोन खिशात. डब्याच्या एका टोकाला भजन, लेडीजमध्ये संध्याकाळची भाजी निवडणं, आणि मधल्या सीटवर एकाग्रतेने जेली फोडणारा कुणीतरी. वेळ घालवण्याच्या या तीन तऱ्हांमध्ये मला तरी उच्च-नीच काही दिसत नाही.

खेळणारे कोण, हे दिल्लीत बसून कळणार नाही म्हणून सांगतो. कर्जत तालुक्यात फार्महाउसं उदंड झाली आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांवर आलेली मुंबई तिथे मुक्कामाला असते, सोमवारपासून बंगला रिकामा. मग गेटवरच्या वॉचमनला बारा तास करायचं काय? खालापूरच्या कारखान्यांत शिफ्ट करणारा कंत्राटी कामगार कंपनीच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभा असतो. खोपोली लोकल चुकली की पुढची येईपर्यंत कर्जतच्या फलाटावर बसून राहण्यावाचून इलाज नसतो. शिळफाट्याच्या दुकानांत दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि या सगळ्या रिकाम्या वेळात फोन शिरला. त्यात ‘तरुण पोरं बिघडली’ असं काही नाही. पन्नाशी-साठीच्या बायका सगळ्यात निष्ठेने खेळतात, हे मी घरात बघतो. जून २०२३ मध्ये विमानात धोनी कँडी क्रश खेळताना दिसला आणि देशभर त्याची चर्चा झाली. आमच्याकडे कुणाला नवल वाटलं नाही. एवढा मोठा माणूस प्रवासात आपल्यासारखंच करतो, इतकंच.

मग तक्रार कशाची? तक्रार खेळाची नाही, दुकानाची आहे. खेळाच्या आत जे दुकान थाटलंय त्याची.

हे गेम आजचे नाहीत. १९९४ मध्ये एका रशियन प्रोग्रामरने ‘शारिकी’ नावाचा रंगीत चेंडू जुळवायचा गेम केला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या पॉपकॅपचा ‘बिज्वेल्ड’ आला आणि ही तऱ्हा जगभर गेली. तेव्हा पूर्ण गेम हवा असेल तर पैसे एकदाच मोजायचे, मग म्हातारपणापर्यंत खेळा. २०१२ मध्ये ‘किंग’ कंपनीचा कँडी क्रश आधी फेसबुकवर आणि मग मोबाइलवर आला. तो फुकट होता. आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, किंगचं उत्पन्न जवळजवळ १९० कोटी डॉलर झालं. फुकटच्या गेममधून एवढा पैसा कुठून आला याचं उत्तर कंपनीनेच शेअर बाजारात उतरताना दाखल केलेल्या कागदपत्रांत आहे. खेळणाऱ्यांपैकी सुमारे चार टक्के लोक पैसे देत होते, बाकीचे फुकट खेळत होते. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने ही कंपनी ५९० कोटी डॉलरना घेतली, आणि २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजनच मायक्रोसॉफ्टच्या पदरात पडली. म्हणजे माझ्या डब्यात शंभर जण खेळत असतील तर चौघांच्या जिवावर हा डोलारा उभा आहे. ते चौघे श्रीमंत असतात असं समजू नका. ते फक्त हरताना थांबू न शकणारे असतात.

आता हरणं कसं असतं ते बघा. लेव्हलला ठरावीक मूव्ह असतात. फोडत फोडत येता, आणि शेवटच्या मूव्हला एक जेली उरते. एकच. तेवढ्यात पडद्यावर रडवेला चेहरा येतो, त्याखाली भलंमोठं हिरवं बटण: आणखी पाच मूव्ह घ्या. नको असेल तर वरच्या कोपऱ्यात फुली असते, पण ती इतकी बारीक की चष्म्यातूनही शोधावी लागते. फुली दाबली तर दुसरी पाटी येते, सोडून दिलंत तर एवढी एवढी बक्षिसं जातील, नक्की ना? हे प्रत्येक वेळी नुसतं नशीब म्हणून घडत नाही. कुठल्या लेव्हलला किती जण अडकतात, किती वेळा अडकल्यावर पैसे काढतात, किती वेळानंतर गेमच सोडून देतात, हे सगळं कंपनीला दिसत असतं आणि त्यावरून लेव्हल सोपी-अवघड करता येते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी कँडी क्रश खेळणाऱ्यांवरच अभ्यास केला होता. साफ हरण्यापेक्षा थोडक्यात हुकलेला डाव माणसाला जास्त चिडवतो आणि पुन्हा खेळायची ओढही त्यानेच सर्वांत जास्त लागते, असं त्यांना आढळलं. जुगाराच्या मशिनवर पूर्वीपासून ठाऊक असलेली गोष्ट गोळ्या-चॉकलेटांतही तशीच निघाली.

खोपोलीला माझी मावशी राहते. तीही असाच एक गेम खेळते. त्या गेमचं नाव मी घेत नाही, कारण मुद्दा त्या एका कंपनीचा नाही. मावशीची फसवणूक झाली असंही म्हणता येणार नाही. कुणी ओटीपी विचारला नाही, कुणी पैसे चोरले नाहीत, यूपीआयचा पिन दर वेळी तिनेच टाकला. रक्कम दर वेळी शंभराच्या आतली. पण एकदा बँकेचे मेसेज तिच्यासमोर बसून एकाखाली एक लिहिले, आणि महिन्याची बेरीज घरच्या गॅस सिलिंडरच्या वर गेली. मावशीचा विश्वास बसेना. तिने कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाली, “अरे, पण दर वेळी एकच राहिली होती रे.” भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी बाई आहे ती. घासाघीस करायला समोर माणूस असता तर तिने केलीच असती.

आणि पैसे कशाचे मोजले, तर नाण्यांचे. आधी रुपये देऊन नाणी घ्यायची, मग नाणी देऊन पाच मूव्ह. नाणी अशा गठ्ठ्यांनी मिळतात की थोडी कायम उरावीत आणि पुढच्या वेळी थोडी कमी पडावीत. पाच मूव्ह रुपयांत केवढ्याला पडल्या, हे खेळण्याच्या भरात कोण काढत बसणार? साहेब, तुमच्याच मंत्रालयाच्या वैधमापन नियमांनी बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि एमआरपी छापणं सक्तीचं केलंय. कर्जतच्या बाजारातला किराणावालाही तो नियम पाळतो. राज्याने २०२२ मध्ये कायदा बदलून लहानसहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली, सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मावशीच्या फोनमधल्या दुकानाची पाटी मात्र इंग्रजीत, भाव नाण्यांत आणि एमआरपी नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली, त्यांच्या जाहिरातींवरही आली. रमीने उद्ध्वस्त झालेली घरं आमच्याही भागात आहेत, त्यामुळे त्याबद्दल धन्यवादच. पण त्याच कायद्यात दुसरी वर्गवारी आहे, ‘ऑनलाइन सोशल गेम’. ज्यात पैज नाही, जिंकून पैसे मिळायची आशा नाही, ते खेळ निरुपद्रवी मानून त्यांना उत्तेजन द्यायचं ठरलंय. आता बघा काय झालं ते. ज्या खेळात पैसे घालवता येत होते आणि क्वचित मिळतही होते, तो बंद. ज्यात पैसे फक्त जाऊ शकतात, परत एक दमडी यायची सोयच नाही, त्याला सरकारचं प्रोत्साहन. कायदा करणाऱ्यांचा हेतू तसा नव्हता हे मान्य. पण पैज हीच एक कसोटी धरली की मावशीचं सिलिंडर त्या चाळणीतून खाली पडतं.

या बाबतीत थोरामोठ्यांकडून फार अपेक्षा ठेवावी अशीही स्थिती नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनचे एक खासदार पेन्शनवरच्या समितीच्या बैठकीत कँडी क्रश खेळताना पकडले गेले आणि एखाद-दुसरा डाव खेळलो असेन म्हणून माफी मागून मोकळे झाले. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात घालवत होतो, असा त्यांचा खुलासा होता. काही दिवसांतच त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं. त्या नेमणुकीवर लोकलमध्ये झालेले विनोद इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण तो खुलासा मला अशक्य वाटला नाही. गोळ्यांचा गेम खेळताना मध्येच अंगावर येणारी जाहिरात बंद करणं ही खरोखरच कसरत असते, कित्येकदा फुली दाबायला जावं तर स्टोअरच उघडतं. शिवाय जाहिरातीत दाखवलेला खेळ आत असतोच असं नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या गेमच्या जाहिराती याच कारणाने बंद करायला लावल्या. जाहिरातीत खिळे ओढून माणूस वाचवायचा, आणि गेम उघडल्यावर जुळवायचे तीन-तीन तुकडे.

मुलांचं आणखी वेगळं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली. कागदावर चांगलं आहे. पण खालापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांत फोन एकच असतो. बाप शिफ्टवरून येतो, जेवायला बसतो आणि फोन पोराच्या हातात जातो. खातं बापाचं, वय बापाचं, अंगठा पोराचा. संमती विचारणार कुणाला? म्हणून वय विचारून भागणार नाही, कुलूप खरेदीवरच हवं, आणि ते गेम आला त्या दिवसापासून लावलेलं हवं. हे काही जगावेगळं नाही. पालकांच्या परवानगीवाचून मुलांनी गेममध्ये केलेल्या खरेदीपोटी २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायला लावले होते.

साहेब, तुमच्याकडे हत्यार नाही असं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तुम्हीच ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत, आणि खोटी घाई करणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सारखा तगादा लावणं, बटणांची मांडणी दिशाभूल करणारी ठेवणं हे सगळे त्यात आहेत. भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सर्व प्लॅटफॉर्मना ती लागू आहेत. जून २०२५ मध्ये तुम्ही ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. तीच फूटपट्टी घेऊन एकदा कुठलाही गाजलेला तीन जुळवायचा गेम उघडा आणि मुद्दाम हरा. फार वेळ लागणार नाही.

पाच मूव्हच्या बटणावर भाव रुपयांत लिहा, मराठीत लिहा. त्याच बटणाशेजारी या महिन्यात या गेमवर आतापर्यंत किती गेले तो आकडा दाखवा. फुली बटणाएवढी करा. हरल्यानंतर पहिली काही मिनिटं दुकान बंद ठेवा, राग उतरू द्या. गूगल प्लेमध्ये महिन्याचं बजेट ठरवता येतं खरं, पण ते ओलांडलं तर फक्त सूचना येते, खरेदी थांबत नाही. ती थांबली पाहिजे. कंपन्यांना एवढंच सांगतो की यातल्या एकाही गोष्टीने गेम वाईट होत नाही. आणि ज्यांना एकदाच पैसे देऊन, जाहिरातीवाचून, नाण्यांवाचून खेळायचंय त्यांना तसा गेम विका की! २००१ मध्ये जमत होतं ते आता का जमू नये? मी तरी पहिल्या दिवशी घेईन.

तोपर्यंत हे पत्र वाचणाऱ्यांसाठी. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ‘बजेट अँड हिस्टरी’ बघा. आपली बघून झाली की घरातल्या मोठ्यांची बघा, पण रागावू नका, नुसती बेरीज करून दाखवा. खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं सेटिंग करून द्या. आणि गंडवल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. नंबर १९१५, आणि तिथे मराठीतून तक्रार घेतात.

आपला,
कर्जतचा एक पासधारक