आखाजीचा ठराव आणि नागपूरची दिव्या

सगळ्यात आधी धुळ्याच्या मंडळींना विनंती. हे पूर्ण वाचून मगच फोन करा. अर्धवट वाचून केलात तर मी उचलणार नाही!

यंदाच्या आखाजीला आम्ही सगळे धुळ्याला जमलो होतो. ताई माहेरी आलेली, आमरस, सांजोऱ्या, गच्चीवर गाद्या... नेहमीचाच थाट. जेवणं आटोपल्यावर सुपारी कातरता कातरता विषय निघाला पुतणीचा (नाव लिहिलं तर रागावते, म्हणून लिहीत नाही). जूनपासून तिची दहावी. ती गेली सात वर्षं बुद्धिबळ खेळते, जिल्ह्यात तिचं बरं नाव आहे. मोठ्या काकू म्हणाल्या, "पोरनी दहावी शे, आते खेय बंद." कोणी हो म्हटलं, कोणी मान हलवली. मला विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" मी म्हणालो, "एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

पाच मिनिटांत ठराव मंजूर. ती आतल्या खोलीत होती. तिला सगळं ऐकू जात होतं हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं जळगावला परत निघालो. पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर, खिडकीतून ऊन अंगावर. आणि सगळा रस्ताभर तो दिवस आठवत राहिला... २८ जुलै २०२५, सोमवार.

त्या दिवशी मी ऑफिसात टेबलाखाली मोबाईल धरून बसलो होतो. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम लढत चालली होती आणि दोन्ही बाजूला भारतीय! एकीकडे कोनेरू हम्पी, दुसरीकडे आपली नागपूरची दिव्या देशमुख. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले होते, आता जलद डावांवर निकाल लागायचा होता. धुळ्याहून पुतणी दर दोन मिनिटांनी फोन करत होती. "मोठे बाबा, हम्पीचं घड्याळ बघा!" मला चालींतलं फारसं कळत नाही, तिला कळतं. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. हत्ती आणि प्याद्यांचा शेवट, दोघींचीही वेळ संपत आलेली, दोघींच्याही चुका होत होत्या. ७५ व्या चालीनंतर हम्पीनं हात पुढे केला. इकडे फोनवर नुसता आरडाओरडा, तिकडे दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती. साहेबांनी वर बघितलं आणि मी "घरून फोन आहे" असं सांगितलं. खोटं नव्हतंच ते.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा, नागपूरचा. आईवडील दोघंही डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटन खेळायला जायची, हिला पाचव्या वर्षी बुद्धिबळ मिळालं. २०१२ मध्ये सात वर्षांखालच्या मुलींत राष्ट्रीय विजेती. मग २०१४ साली डर्बनला दहा वर्षांखालचं आणि २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालचं जागतिक विजेतेपद. २०२२ मध्ये राष्ट्रीय महिला विजेती, २०२३ मध्ये आशियाई विजेती, २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती, तीही अकरापैकी दहा गुण घेऊन. त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाला पहिल्यांदाच सुवर्ण मिळालं. दिव्या तिसऱ्या पटावर खेळत होती, अकरा डावांत साडेनऊ गुण, म्हणजे वैयक्तिक सुवर्णही तिचंच.

एवढं सगळं असूनही बातुमीला गेली तेव्हा ती ग्रँडमास्टर नव्हती. ग्रँडमास्टर व्हायला साधारणपणे तीन नॉर्म आणि २५०० चं मानांकन लागतं. तिच्याकडे त्यातला एकही नॉर्म नव्हता. स्पर्धेत तिला पंधरावं मानांकन होतं. पण हा विश्वचषक जिंकणाऱ्याला किताब थेट मिळतो, तसा तो तिला मिळाला. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर, आणि हम्पी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची फक्त चौथी भारतीय स्त्री. अठ्ठ्याऐंशीत चार! हा आकडा जरा बाजूला ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता तिच्या खेळाबद्दल. वर्तमानपत्रवाले एका शब्दात 'आक्रमक' म्हणून मोकळे होतात. ते खोटं नाही. तिला कंटाळवाणी बरोबरी आवडत नाही, पट पेटवायची सवय आहे. पण बातुमीत मला जे दिसलं ते वेगळंच होतं. वाटेत तिनं स्पर्धेतली दुसरी मानांकित झू जिनर हिला टायब्रेकमध्ये काढलं, मग आपल्याच हरिकाला टायब्रेकमध्ये. उपांत्य फेरीत समोर तान झोंगयी, माजी जगज्जेती. तो निकाली डाव १०१ चालींचा झाला. तासन् तास चाललेल्या त्या डावात फायदा कधी हिच्याकडे, कधी निसटलेला. अंतिम लढतीच्या पहिल्या डावातही हाताशी आलेली चांगली स्थिती तिच्याकडून सुटली होती. दुसरं कोणी त्या एका डावाची हळहळ करत बसलं असतं. ही पुढच्या डावाला बसली.

माझं मत विचाराल तर दिव्याची खरी ताकद हल्ल्यात नाही, हल्ला फसल्यानंतरही खुर्चीत बसून राहण्यात आहे. स्वतःची चूक झालेली कळते, समोरच्यालाही कळलेली असते, घड्याळ चालू असतं, आणि तरी पुढची चाल शोधायची. ही गोष्ट शिकवणीत मिळत नाही. ती डाव हरून हरूनच येते. आणि हरायला खेळावं लागतं, 'एक वर्षाचा तर प्रश्न आहे' म्हणून पट माळ्यावर टाकून ती येत नाही.

तुम्ही म्हणाल, कुठे दिव्या आणि कुठे आपली पोर! आखाजीच्या रात्री कुणीतरी म्हटलंच, "त्यांचं नागपूर, आईबाप डॉक्टर, आपल्याला झेपणार का?" हे खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. बुद्धिबळ स्वस्त खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी स्पर्धेची फी, रेल्वेचं भाडं, लॉजचे पैसे आणि प्रशिक्षकाचा महिना एकत्र मांडून बघावा. हजारो मुलं खेळतात, किताबापर्यंत पोचतात मूठभर. आपली पोर ग्रँडमास्टर होईल असं मी म्हणत नाही. बहुधा होणार नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे आणि जरा बोचरा आहे. चार वर्षांपूर्वी आपल्याच घरात पुतण्याची दहावी होती. तो क्रिकेट खेळायचा. त्या वर्षी आपण काय ठरवलं होतं? "पोराला जरा विरंगुळा पाहिजे, नाहीतर डोकं फिरेल." फेब्रुवारीपर्यंत रोज संध्याकाळी तो मैदानावर असायचा, आणि कोणाची झोप उडाली नाही. तीच दहावी, तेच घर. मग पोरीच्या वेळेला विरंगुळ्याचं एकदम संकट कसं झालं? तेव्हाही मी मान हलवली होती, आताही हलवली. म्हणजे दोन्ही वेळेला मी होतोच.

महाराष्ट्रात ही गोष्ट नवीन नाही. १९७४ साली देशातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकरनं. वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणी, 'नवाकाळ'च्या खाडिलकरांच्या घरातल्या. पुढची बरीच वर्षं ते विजेतेपद त्या घरात फिरत होतं. रोहिणी १९७६ साली तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. १९८१ मध्ये ती आशियाई विजेती झाली. त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले, सांगलीची स्वाती घाटे, २००९ मध्ये ज्युनियर मुलींची जगज्जेती झालेली पुण्याची सौम्या स्वामिनाथन... एवढी मोठी रांग, आणि तरी महाराष्ट्राला पहिली स्त्री ग्रँडमास्टर मिळायला २०२५ उजाडावं लागलं. मघाचा अठ्ठ्याऐंशीत चारचा आकडा इथे लावून बघा. मुलींचं डोकं कमी चालतं म्हणून हे झालं असं म्हणणारे अजूनही भेटतात. मी म्हणतो, आधी किती घरांत आखाजीला ठराव झाले ते मोजा.

आणि पुढे जाऊनही सुटका नाहीच. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथली स्पर्धा संपल्यावर दिव्यानं उघडपणे लिहिलं होतं की प्रेक्षक तिचा खेळ सोडून तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यावरच बोलतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नागपूरला परतल्यावर सत्कार, हारतुरे, राज्य सरकारचे तीन कोटी हे सगळं झालं, छानच झालं. पण मला लक्षात राहिलं ते हे की तिनं ते यश आपले पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांना अर्पण केलं. ते हे बघायला हयात नव्हते. कुणीतरी तिच्यावर लहानपणी विश्वास ठेवला होता, एवढं तिला विसरता आलं नाही.

हम्पीबद्दलही एक वाक्य लिहायलाच हवं. ती २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, मूल झालं तेव्हा थांबली, परत आली आणि २०१९ व २०२४ असं दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. थांबणं वाईट नाही, फक्त थांबायचं कधी आणि परत यायचं कधी हे तिचं तिनं ठरवलेलं असावं.

आता ताईचं. ताई, तुझी परवानगी न घेता लिहितोय, रागावू नकोस. अण्णांनी आम्हा तिघांनाही बुद्धिबळ शिकवलं. धाकट्याचं आणि माझं लक्ष लागलं नाही. ताई मात्र अण्णांना हरवायची. उंटांनी खेळायची ती, लांबून, शांतपणे. गल्लीतले मोठे लोक तिच्याशी खेळायला यायचे. ती दहावीत गेली तेव्हा अण्णांनी पट गुंडाळला, "एक वर्ष" म्हणून. दहावीनंतर बारावी आली, मग बघायला येणारी मंडळी, मग लग्न. पट पुन्हा उघडला नाही. यंदा आखाजीला सगळे माना हलवत होते तेव्हा मी ताईकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. सुपारीचा अडकित्ता खाली ठेवून उठली आणि आतल्या खोलीत गेली. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा दाराच्या फटीतून दिवा दिसला. आत्या आणि भाची जमिनीवर पट मांडून बसल्या होत्या.

मी तसाच मागे फिरलो. पाणीसुद्धा प्यायलो नाही.

तर मंडळी, ठरावाला दिलेलं माझं मत मी परत घेतोय. नुसतं परत घेऊन भागत नाही, म्हणून हिशेबही मांडतो. रोज संध्याकाळी एक तास पट. दिवाळीपर्यंत तीन स्पर्धा, त्यातली एक तरी जळगावला. इथे जैन उद्योगसमूहाच्या पाठबळामुळे स्पर्धा होत असतात, ती माझ्याकडे राहील, नेण्या-आणण्याचं काम माझं. डिसेंबरनंतर परीक्षेपर्यंत स्पर्धा बंद, पट नाही. वर्षभराची फी मी भरीन. सहामाहीत मार्क घसरले तर पुन्हा बसून बोलू, पण त्या बैठकीत ती आतल्या खोलीत नसेल, आपल्यात बसलेली असेल.

काल हे सगळं तिला फोनवर सांगितलं. वाटलं होतं आनंदानं ओरडेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मोठे बाबा, आत्याला पण स्पर्धेला नेता येईल का? मोठ्यांनाही खेळता येतं खुल्या गटात."

ताई, फी मी दोघींची भरतोय. आता धुळेकरांनी फोन केला तरी चालेल.