रट्टा मारणं म्हणजे उजळणी नव्हे

फेब्रुवारी लागला की खापरमध्ये पालक मला अभिमानाने सांगतात, ‘सर, पोरगा रात्री दोनपर्यंत जागतो.’ मी विचारतो, पुस्तक मिटून त्याने काही सांगून दाखवलं का? उत्तर येत नाही. पुस्तक उघडं, हातात रंगीत पेन आणि तोच धडा चौथ्यांदा वाचणं, याला आपण उजळणी म्हणतो. ही मनाची समजूत आहे.

राग याचा येतो की खरी उजळणी आपल्याच घरात आहे. हिफ्ज करणारं मूल रोज नवा सबक देतं, मागच्या काही दिवसांचा सबक पुन्हा सुनावतं आणि जुन्या पाऱ्यांचा आमुख्ता ठरलेल्या क्रमाने फिरवत राहतं. समोर कुराण शरीफ उघडं नसतं, उस्ताद असतात. चूक झाली की तिथेच थांबवतात. म्हणून हाफिज तरावीहला उभा राहू शकतो. शाबानच्या शेवटच्या रात्री जागून कुणी तीस पारे पाठ केलेत का?

2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी प्रयोगाने दाखवलं, की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात. आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून पाहणारे. आपल्या मदरशातली चटई हेच शिकवत आलीय.

‘पण तोही रट्टाच ना?’ असं काही सहकारी म्हणतात. भूमितीचं प्रमेय आयतीसारखं पाठ करून भागणार नाही, ते आधी समजायलाच हवं. मी पाठांतर उचला म्हणत नाही, पद्धत उचला म्हणतो.

दोष मुलांचा कमी, आम्हा शिक्षकांचा जास्त. आम्ही ‘वाचून या’ म्हणतो, ‘ऐकवा’ म्हणत नाही. वर्गात साठ मुलं असतील तर जोड्या लावा: एकाने सांगावं, दुसऱ्याने पुस्तक धरावं. ज्या अम्मीला मराठी वाचता येत नाही, तिलाही मूल धडा आपल्या बोलीत समजावू शकतं. जिथे अडखळलं, तिथला अभ्यास कच्चा.

2025 मध्ये दहावीचे पेपर चालू असतानाच रमजान लागला. तरावीह, सहरी आणि वर जागरण, हे कोवळ्या जिवाला कसं झेपणार? पेपरच्या आदल्या रात्री मुलाला झोपू द्या. त्याचा आमुख्ता मात्र दिवाळीपासून ऐकायला बसा.