शोधण्याचीही मजुरी असते

जुनी गाडी म्हटली की ऑइल गळणारच, असं म्हणून आपण गाडीखाली पुठ्ठा टाकतो आणि विषय संपवतो. नाहीतर मिस्त्रीला सांगतो, "सगळी पॅकिंग बदलून टाक." मला दोन्ही चुकीचं वाटतं. गळती आधी शोधावी लागते, आणि शोधणं हेही काम आहे.

ऑइल जिथे टपकतं तिथूनच ते गळत असेल असं नाही. इंजिनच्या वरच्या अंगाला टॅपेट कव्हर असतं. त्याचं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक झालं की ऑइल झिरपतं, इंजिनवरून खाली उतरतं आणि चेंबरच्या कडेला थेंब धरतं. गाडी धावताना वारा ते आणखी मागे नेतो. मग गिअरबॉक्सच्या जोडापाशी ओल दिसते आणि क्रँकचं मागचं सील गेलं असा निकाल लागतो. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दोष वरच्या स्वस्त पॅकिंगचा असेल, तर ही सगळी मजुरी वाया गेली.

चांगला मिस्त्री आधी इंजिन धुऊन कोरडं करतो. गाडी थोडी फिरवून आणतो आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत जातो: टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, सील, शेवटी ड्रेन नट. नीट कळलं नाही तर संशयाच्या जागी पावडर मारतो. ओली रेघ जिथून सुरू होते, तिथे मूळ. तो आणखी एक गोष्ट तपासतो. ब्रीदरची वाट चोंदली असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर इंजिनच्या आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. अशा वेळी नवं सीलही टिकत नाही.

या सगळ्यात तास-दोन तास जातात. बिलात मात्र पॅकिंगची किंमत आणि ते बसवण्याची मजुरी एवढंच येतं. शोधण्याचे पैसे मागितले की आपण विचारतो, "नुसतं बघायचे कसले पैसे?" मग मिस्त्रीही शहाणा होतो. शोधायचं सोडून बदलायला लागतो, कारण पैसे त्याचेच मिळतात.

आपल्या नात्यागोत्यात, मोहल्ल्यात गॅरेजवर पोट असलेली कितीतरी माणसं आहेत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण आपण अभिमानाने सांगतो. पाना फिरवणाऱ्याचा घाम आपल्याला दिसतो. टॉर्च धरून विचार करणाऱ्याचा दिसत नाही. पण हक्क दोघांचा सारखाच.

मिस्त्रीवरही जबाबदारी येते. गिऱ्हाइकाने विश्वासाने सोपवलेली गाडी ही अमानत आहे. गळतीची जागा त्याला दाखवावी, काढलेलं पॅकिंग हातात द्यावं. नुसती ओल असेल, थेंब पडत नसेल, तर "आत्ता राहू द्या, दर आठवड्याला डिपस्टिक बघत जा," असंही सांगावं. आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल, तर आग लागू शकते, हे स्पष्ट बजावावं.

म्हणून गाडी देतानाच बोलून घ्यावं: आधी फक्त शोध, त्याचे पैसे वेगळे, दुरुस्तीचं जागा पाहिल्यावर ठरवू. दोघांच्याही दृष्टीने हा सरळ व्यवहार आहे.