पाय कापण्यापूर्वी

आमच्या परिचयातील एक निवृत्त गुरुजी आहेत. पस्तीस वर्षे पहाटे प्रभात शाखेवर पायी जाण्याचा त्यांचा नेम. मधुमेह जुना, पण आहार-विहार कडक. एका पावसाळ्यात नवी चप्पल चावली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. अंगठा काळा पडला, तो काढला. जखम वर सरकली, तेव्हा अर्धे पाऊल काढले. आणि दीड महिन्यात गुडघ्याखालील पाय गेला. पैसा कमी पडला नाही, मुलांनी सेवेत कसूर केली नाही, शल्यचिकित्सकांचा हातही कुशल होता. मात्र या दीड महिन्यात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. या पायापर्यंत रक्त पोहोचते आहे का, आणि पोहोचत नसेल तर वाट नेमकी कोठे अडली आहे? हा प्रश्न प्रथम विचारला तो पुण्यातील एका डॉक्टरांनी, कृत्रिम पायाचे माप घ्यायला गुरुजींना नेले तेव्हा. तोवर विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

जगात हा प्रश्न विचारला जाऊन सहा दशके लोटली आहेत. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञापुढे एक 82 वर्षांची वृद्धा आली. पायाची बोटे सडू लागलेली, पाय कापण्याचा सल्ला मिळालेला, आणि बाईंचा त्याला ठाम नकार. डॉटर यांनी मांडीतील रोहिणीत एक तार सरकविली, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती अरुंद जागेतून पार नेली आणि तारेवरून क्रमाने जाड नळ्या घालून वाट रुंद केली. थंड पडलेला पाय ऊबदार झाला. पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ, मृत्यूपर्यंत, त्या बाई स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या. डॉटर यांच्या देशबांधवांनी त्यांना बराच काळ वेड्यात काढले. युरोपने मात्र ही विद्या उचलली. तिथेच आन्द्रेआस ग्रून्ट्झिग यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर फुगा लावलेल्या नळ्या तयार केल्या आणि 1977 साली झुरिच येथे हृदयाच्या रोहिणीत पहिला फुगा फुगविला. ज्या अँजिओप्लास्टीचे नाव आज घराघरात ठाऊक आहे, तिचा जन्म असा पायाच्या आजारातून झाला, हे फारच थोड्यांना माहीत असते.

या शाखेला इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी म्हणतात. नाव अवघड, तत्त्व सोपे. 1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी दिलेली युक्तीच आजही पाया आहे : सुईने रोहिणीत शिरायचे, सुईतून तार घालायची, सुई काढून तारेवरून नळी आत सरकवायची. चिरा नाही, टाके नाहीत, बहुतेकदा संपूर्ण भूलही नाही. सुईच्या छिद्रातून आत गेलेला वैद्य पडद्यावरील चित्र पाहत शरीरभर फिरतो. अडलेली वाट उघडतो, वाहती जखम आतून बुजवतो, यकृतातील गाठीचा रक्तपुरवठा तोडून तिथेच औषध सोडतो, पित्ताचा तुंबलेला मार्ग मोकळा करतो, डायलिसिसच्या रुग्णाची बंद पडत चाललेली फिस्टुला वाचवतो. गर्भाशयातील गाठींसाठी गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेल्या अनेक भगिनींना दुसराही पर्याय असू शकतो, हे त्यांना कोणी सांगतच नाही. पक्षाघाताचे तर काय सांगावे! मेंदूच्या मोठ्या रोहिणीत अडकलेली गुठळी नळीने ओढून काढता येते आणि त्याने रुग्णाचे अपंगत्व टळू शकते, हे 2015 साली एकापाठोपाठ आलेल्या पाच मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केले. पण ते साधायचे ते सामान्यतः पहिल्या सहा तासांत. काही निवडक रुग्णांतच चोवीस तासांपर्यंत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने हे सहा तास कोठे शोधायचे?

येथे आपल्यातील काही उत्साही मंडळी सुश्रुताचे नाव घेतील. जरूर घ्यावे. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले, त्यात एषणी घालून व्रणाचा मार्ग शोधण्याचे ‘एष्य कर्म’ वेगळे नोंदविले आहे. कापण्यापूर्वी वाट शोधावी, ही दृष्टी आपल्या पूर्वजांना होती. परंतु अँजिओप्लास्टी आपल्याकडे होतीच, असे म्हणून समाधान मानणे हा त्या आचार्याचा गौरव नव्हे. मृत देहाचे थर सोलून पाहिल्याशिवाय शल्यचिकित्सक होता येत नाही, असे बजावणारा तो पुरुष होता. त्याचे वारस म्हणवून घ्यायचे तर हातात तार आणि नळी घ्यावी लागेल. आणि ती तार आपल्या देशात ओढलेली असावी, हा आग्रह धरावा लागेल.

तो आग्रह हवेतला नाही. डॉ. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्वदेशी स्टेंट घडविला, तेव्हा हे जमेल यावर किती जणांचा विश्वास होता? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतील मिश्रधातूचे ज्ञान वापरून मेंदूतील रोहिणीच्या फुगवट्यासाठी स्टेंट विकसित केला आणि 2020 साली त्याचे तंत्रज्ञान पुण्यातील एका कंपनीस देण्याचा करार केला. विमानाची विद्या अशी मेंदूच्या कामी येते. दुसरीकडे, फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत बांधून दिली. औषधयुक्त स्टेंटला 29,600 रुपये, साध्याला 7,260. त्याआधी रुग्णाच्या नातेवाइकांकडून लाखाच्या घरात रक्कम घेतली जात होती, म्हणजे मधल्या साखळीत किती मुरत होते ते उघड झाले. बड्या परदेशी कंपन्यांनी आदळआपट केली, पण निर्णय टिकला. मात्र ती मर्यादा हृदयापुरती होती. पायाच्या रोहिणीचे स्टेंट, फुगे, तारा आणि मेंदूत घालावयाच्या कॉइल त्यातून बाहेर राहिल्या. हृदयाच्या रुग्णाला मिळालेला न्याय पाय वाचवू पाहणाऱ्याला का नाही?

या विद्येचे गोडवे गाताना तारतम्य सुटू नये, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक पाय वाचत नाही. फार उशीर झालेला असेल, जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल, तर पाय कापणे हेच प्राण वाचविणे ठरते. चित्र उमटण्यासाठी द्यावे लागणारे औषध मधुमेह्याच्या दुबळ्या मूत्रपिंडांना बाधू शकते. उघडलेली वाट पुन्हा अरुंद होते. आणि जिथे नळी आहे तिथे गरज नसता स्टेंट टाकणारेही आहेत. बाजार सर्वत्र शिरतो, तो येथे शिरणार नाही असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणूनच ही सोय केवळ मोठ्या शहरांतील पंचतारांकित रुग्णालयांच्या हाती राहणे घातक आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यासाठी यंत्र हवे, आणि यंत्राआधी ते चालविणारा प्रशिक्षित हात हवा. यंत्राचे उद्घाटन होऊन त्यावर धूळ बसल्याची उदाहरणे आपण कमी पाहिलेली नाहीत.

शासन करील तेव्हा करील. समाजाने काय करावे? 1966 साली लातूरला विवेकानंद रुग्णालय आणि 1989 साली तेव्हाच्या औरंगाबादेत डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले, ते कोणाच्या आदेशाची वाट पाहून नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्या सेवावस्त्यांतील आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर मोजली जातेच. त्याच रांगेत रुग्णाला चपला काढायला लावून पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी तपासायला दोन मिनिटे लागतात. ही नाडी पाहणे शिबिरातील डॉक्टर आपल्या कार्यकर्त्यांना एका दुपारी शिकवू शकतात. ती लागली नाही, तर त्या रुग्णाला डॉपलर तपासणीसाठी पाठवायचे, आणि पाय कापण्याचा सल्ला आला तर आधी रक्तवाहिनी पाहिली का, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारायचे. डॉक्टरांचा त्यात अपमान नाही.

गुरुजींच्या डाव्या पायाची नाडी आता त्यांचा मुलगा दर रविवारी पाहतो. कशी पाहायची, ते त्याला कोणी आधी सांगितले नव्हते.