दादीची फाईल डिलीट करू नका

आपल्या घरांतली दखनी किंवा कोकणी मुसलमानांची बोली पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ती नानी-दादीच्या तोंडी आहे आणि हल्ली व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये. मुलं हौसेने ती फाईल ऑडासिटीत टाकतात. ती उघडली नाही की ‘खराब आहे’ म्हणून पुसून टाकतात.

फाईल बहुधा चांगलीच असते. व्हॉट्सॲप आवाज ओपस पद्धतीने साठवते. ही पद्धत 2012 साली प्रमाणित झाली. जुन्या ऑडासिटीला ती वाचायला एफएफएमपेग वेगळे बसवावे लागते. नावातले ‘ओपस’ खोडून ‘एमपीथ्री’ लिहून उपयोग नाही. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही. कन्व्हर्टरने वेव्ह फाईल करा, पण मूळ फाईलही जपा.

आवाज जाड आणि संथ वाटला तर सॅम्पल रेट पाहा. 48,000चा आवाज 44,100ने वाजला, तर 10 मिनिटांचे बोलणे सुमारे 53 सेकंदांनी लांबते. दर जुळवला की दादी पुन्हा दादीसारखी बोलते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांतल्या अनेक आज ऐकताही येतात. आपल्या बायकांची लग्नगीते कोण जपणार? शाळेत संगणकाचा तास असतोच. त्यातला अर्धा तास याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बोली टिकवण्याची भाषणे मग कमी केली तरी चालतील.