हाकेचे नाव

सांबऱ्याच्या विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाची घरघर कानी आली की फळ्याकडे लागलेल्या माना क्षणभर खिडकीकडे वळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने हा तळ उभारला. आज तेथे आपल्या हवाई दलाची प्रशिक्षणशाळाही आहे. एखादा मोठा पाहुणा येणार असला की त्याचे विमान केवढे, त्यात काय काय सोयी, याचीच चर्चा बेळगावपासून निपाणीपर्यंत रंगते. आम्हांस मात्र निराळाच प्रश्न पडतो : त्या विमानास आकाशात हाक कोणत्या नावाने मारतात, आणि ते नाव खरोखर कोणाचे?

या हाकेच्या नावास 'कॉल साइन' म्हणतात. एकाच रेडिओलहरीवर अनेक वैमानिक कान लावून बसलेले असतात. जमिनीवरून सूचना देणारा नियंत्रक आधी नाव उच्चारतो, मग सूचना देतो; वैमानिक ती सूचना आपल्या नावासह पुन्हा म्हणून दाखवितो. एका वर्गात तीन पाटील असले आणि गुरुजी नुसते 'पाटील, ऊठ' म्हणाले, तर तिघेही उभे राहतात व वर्गात हशा पिकतो. आकाशात असा घोटाळा झाला तर हसण्यास कोणी उरेल, याची शाश्वती नाही.

अमेरिकेत १९५३ साली असाच प्रसंग ओढवल्याचे सांगतात. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हवाई दलाच्या विमानाचा क्रमांक ८६१० होता आणि ईस्टर्न एअरलाइन्सचे त्याच क्रमांकाचे प्रवासी विमान त्याच आकाशमार्गात आले. त्या घोटाळ्यातून 'एअर फोर्स वन' हे स्वतंत्र नाव पुढे आले. ब्रिटिश राजघराण्याच्या विमानांसाठी 'किटीहॉक' हे नाव वापरले जाते. आपल्याकडे राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या विशेष विमानाच्या संदर्भात 'एअर इंडिया वन' हे नाव सर्वपरिचित आहे. तेव्हा ज्या नावाकडे आपण वैभवाची खूण म्हणून पाहतो, त्याचा जन्म वैभवातून नव्हे, सुरक्षिततेच्या गरजेतून झाला, हे ध्यानी घेतले पाहिजे.

याहून बोधप्रद गोष्ट ९ ऑगस्ट १९७४ ची. राजीनामा देऊन राष्ट्राध्यक्ष निक्सन वॉशिंग्टनहून कॅलिफोर्नियाकडे निघाले, तेव्हा त्यांचे विमान 'एअर फोर्स वन' होते. दुपारी बारा वाजता तिकडे फोर्ड यांनी शपथ घेतली, त्या वेळी हे विमान मिसुरी राज्यावरून जात होते. वैमानिकाने रेडिओवरून आपली कॉल साइन बदलून घेतली आणि पुढचा प्रवास 'सॅम २७०००' या साध्या नावाने झाला. विमान तेच, आसन तेच, आत बसलेला माणूसही तोच. पद गेले, त्यासरशी नाव गेले. ते नाव त्या माणसाचे कधी नव्हतेच!

आम्हां सीमाभागातील लोकांना नावाचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे नाव सरकारदरबारी 'बेळगावी' झाले. तरी आमच्या घराघरांत बेळगाव या हाकेला अजून ओ मिळते. माणसाचे, गावाचे, भाषेचे नाव जिव्हाळ्याचे असते. ते हुकुमाने येत नाही व हुकुमाने जात नाही. पदाचे नाव तसे नव्हे. ती सोपविलेली ठेव आहे. मुदत संपताच ती बिनतक्रार परत करावयाची असते. दुःख याचे वाटते की, पुष्कळांना हा भेद उमगत नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवे गेले, परंतु मनातले दिवे विझावयाचे अद्याप बाकी आहेत.

आकाशाचा आणखी एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. प्राणसंकटात सापडलेल्या वैमानिकाने तीन वेळा 'मेडे' असा पुकारा केला की, ते विमान कितीही लहान असो, त्याला आधी वाट मिळते. मानाच्या नावापेक्षा संकटातील जीव मोठा! रस्त्यावर मानकऱ्याच्या ताफ्यासाठी रुग्णवाहिका अडली, तर आपण आकाशाकडून अजून काहीच शिकलो नाही, असे म्हणावे लागेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी वर्गप्रतिनिधी असेल, कोणी क्रीडासंघाचा कर्णधार असेल. छातीवरचा बिल्ला म्हणजे तुमची कॉल साइन होय. गोंधळाच्या वेळी कोणाचे ऐकावे हे इतरांस कळावे, एवढ्याचसाठी ती दिलेली आहे. वर्ष सरले की बिल्ला हसतमुखाने पुढच्याच्या हाती द्यावा आणि आपल्या हजेरीक्रमांकावर परतावे. त्यानंतरही मित्रांनी तुम्हांस तुमच्या स्वतःच्या नावाने प्रेमाने हाक मारली, तर ते वर्ष सार्थकी लागले असे समजावे.