आधार जपायचा कुणी?

'आपला आधार क्रमांक जपून ठेवा' ही सूचना सरकारी कचेरीच्या भिंतीवर वाचली की मला हसू येते. कारण त्या भिंतीखाली टेबल मांडून बसलेला कर्मचारी त्याच क्रमांकाच्या दोन झेरॉक्स प्रती मागत असतो. त्यातली एक फायलीत जाते, दुसरी कुठे जाते हे कुणी विचारत नाही. वाईट प्रत आलेली तिसरी झेरॉक्स दुकानाच्या कोपऱ्यातल्या खोक्यात पडते आणि पुढे तिच्यात चिवडा बांधून मिळू शकतो. शाळा, बँक, सोसायटी, गॅस एजन्सी, सिमकार्डवाला, लॉजचा मॅनेजर, धान खरेदी केंद्र या सगळ्यांना जी वस्तू द्यावीच लागते, ती जपायची कशी? चावी शंभर जणांना वाटायला लावायची आणि वर घरमालकाला सांगायचे, कुलूप सांभाळ बाबा!

मी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात राहतो. शेजारपाजारच्या लोकांचे अर्ज भरून देणे, त्यांच्यासोबत केंद्रावर जाणे हे गेली कित्येक वर्षे चालू आहे. त्या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की, आधारबद्दलची आपली सगळी चर्चा चुकीच्या टोकाला धरलेली आहे. क्रमांक शोधणे, दुरुस्त करणे आणि जपणे ही तिन्ही कामे ज्याने क्रमांक दिला त्याची आहेत. ती ज्याला दिला त्याच्या गळ्यात मारली गेली आहेत. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, इंग्रजी नाही, एका दिवसाची मजुरी सोडण्याची ऐपत नाही, त्याच्या गळ्यात ती सर्वांत घट्ट बसली आहेत.

मुळात हा क्रमांक गुपित आहे की नाही, हेच सरकारला ठरवता आलेले नाही. जुलै २०१८मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर केला आणि माझे काय वाकडे करता येते ते करून दाखवा, असे आव्हान दिले. म्हणजे क्रमांक कळल्याने काही बिघडत नाही. त्यानंतर काही दिवसांतच आधार प्राधिकरणाने लोकांना बजावले, आपला क्रमांक असा जाहीर करू नका. म्हणजे बिघडते. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू विभागीय कार्यालयाने सूचना काढली की, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर आकडे झाकलेली प्रत द्या. सूचना अगदी रास्त होती. दोनच दिवसांनी ती मागे घेतली गेली. कारण काय, तर लोकांचा गैरसमज होईल! बारा आकड्यांचे हे कोडे गावातल्या माणसाने सोडवावे, अशी मात्र अपेक्षा आहे.

आणि सरकारने स्वतः काय जपले? २०१६च्या आधार कायद्याचे कलम २९ म्हणते की, कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येणार नाही. २०१७मध्ये सरकारनेच मान्य केले की, केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे पडले होते. त्याच वर्षी महेंद्रसिंग धोनीचा आधार अर्ज एका केंद्रचालकाने ट्विटरवर टाकला, त्याच्या पत्नीने थेट केंद्रीय मंत्र्यांना जाब विचारला आणि त्या केंद्रचालकावर दहा वर्षांची बंदी आली. कारवाई झाली हे चांगलेच झाले. पण पेन्शनच्या यादीत ज्यांचे क्रमांक उघडे पडले त्या म्हाताऱ्या बायांनी कुणाला ट्वीट करायचे होते?

आता हरवलेल्या आधारकडे वळू. पद्धत कागदावर सोपी आहे. संकेतस्थळावर जा, नाव टाका, नोंदवलेला मोबाइल क्रमांक टाका, ओटीपी येईल, क्रमांक मिळेल. नोंदणीची पावती असेल तर तिच्यावरचा १४ आकडी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ चालते. किंवा १९४७ला फोन लावा. या साऱ्या साखळीची पहिली कडी मोबाइल आहे. आमच्याकडे नोंदणी झाली तेव्हा अनेकांनी मोबाइल क्रमांक दिलाच नाही, कारण घरात मोबाइल नव्हता. काहींनी मुलाचा दिला. मुलगा कामाला नागपूर-हैदराबादला गेला आणि सिम बदलले. काहींच्या अर्जात केंद्रावरच्या कुणाचा तरी क्रमांक टाकून मोकळे झाले. आता ओटीपी कुठल्या फोनवर जातो, देव जाणे. मोबाइल क्रमांक बदलून घ्यायचा तर अनेक वर्षे केंद्रावर जाऊन बोट टेकवण्यावाचून मार्ग नव्हता. आणि खरी गोम तर त्या बोटातच आहे.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून रोवणी करतात. मोहाडी-पवनीकडच्या कोष्ट्यांच्या घरांत बोटांवरून धागा फिरत आला. कित्येक घरांत बायांनी जन्मभर विड्या वळल्या. तुमसरच्या बाजूला डोंगरी बुजरूक आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणी आहेत. या सगळ्या कामांत बोटांची कातडी झिजते, सोलते, भेगाळते. हे सांगायला संशोधकाची गरज नाही, आमच्याकडच्या कुठल्याही बाईचा हात हातात घेऊन बघा. मशीनवर बोट ठेवले की लाल दिवा. पुसून ठेवा, लाल दिवा. दुसरे बोट, लाल दिवा. 'अंगठा घेतच नाही जी' हे वाक्य मी रेशन दुकानात इतक्यांदा ऐकले आहे की, ते आता तक्रार वाटेनासे झाले आहे. ते हवामानाबद्दल बोलावे तसे बोलले जाते. ज्या कामाने जिल्हा पोसला जातो त्याच कामाने माणसाची ओळख पुसली जावी, आणि दोष मशीनचा न ठरता बोटाचा ठरावा, याहून उलटा न्याय कोणता?

बोट जुळत नसेल तर उपाय एकच : ठसे पुन्हा द्या, म्हणजे बायोमेट्रिक अपडेट. त्याला पैसे पडतात. १ ऑक्टोबर २०२५पासून नाव-पत्त्याच्या दुरुस्तीचे ५० रुपयांचे ७५ झाले आणि मोठ्यांच्या बायोमेट्रिकचे १०० रुपयांचे १२५. कॅगने २०२२मध्ये मांडलेल्या अहवालात नेमके यावर बोट ठेवले आहे. २०१८-१९मध्ये झालेल्या तीन कोटींहून अधिक बायोमेट्रिक अपडेटपैकी ७३ टक्क्यांहून जास्त अपडेट लोकांनी सदोष ठशांपायी स्वतः पैसे भरून करून घेतले होते. नोंदणीच्या वेळी ठसे नीट घेतले गेले नाहीत ही जबाबदारी प्राधिकरणाने घ्यायला हवी, लोकांकडून पैसे घेणे योग्य नाही, असा त्या अहवालाचा रोख होता. मी तो निष्कर्ष गावच्या भाषेत सांगतो : शिंप्याने सदरा आखूड शिवला आणि उसवण्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले.

'बदलून घेणे' हा शब्दही इथे फसवा आहे. कार्ड हरवले तर नवे कार्ड मिळते, क्रमांक तोच राहतो. एटीएम कार्डाचा नंबर चोरीला गेला तर बँक नवा नंबर देते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा सतत गैरवापर होत असेल तर, अवघड का होईना, नवा क्रमांक मिळवण्याची सोय आहे. आपल्याकडे क्रमांक फुटला तरी तो जन्मभराचा. अंगठा तर त्याहून पक्का, तो बदलायचा म्हटला तरी बदलता येत नाही. आणि बँक मित्राकडून पैसे काढायला लागते काय? बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा. २०१८मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांच्या रबरी नकला केल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. दस्त, आधारची झेरॉक्स आणि थोडे कसब एवढ्यावर माणसाची नक्कल तयार होते.

यावर प्राधिकरणाचे उत्तर आहे की, बायोमेट्रिक लॉक करा. सोय खरी आहे, शहरातल्या पगारदार माणसाने ती जरूर वापरावी. पण आमच्या गावात ती वापरली तर काय होते? लॉक केलेला अंगठा चोराला जसा उपयोगाचा नाही तसा रेशन दुकानदाराच्या मशीनलाही उपयोगाचा नाही. दर महिन्याला धान्य आणायला जाताना ओटीपी मागवून लॉक उघडायचे, ते दहा मिनिटे उघडे राहते, तेवढ्यात रांगेत आपला नंबर लागला पाहिजे, नेटवर्क असले पाहिजे आणि मशीनने बोट घेतले पाहिजे. म्हणजे निवड अशी : पैसे सुरक्षित ठेवा आणि धान्यावर पाणी सोडा, नाहीतर धान्य घ्या आणि बँक खाते उघडे ठेवा. सोळा आकडी आभासी क्रमांकाचीही तीच गत. तो २०१८पासून उपलब्ध आहे, पण आमच्याकडच्या अर्जांच्या नमुन्यांत रकाने बाराच. जी सुरक्षा गरिबाने वापरली की त्याचा हक्क बंद पडतो, तिला सुरक्षा म्हणायचे नसते.

आधारच्या बाजूने बोलणारे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यातले सगळे खोटे नाही. पूर्वी दलाल मधल्यामध्ये पैसे खायचे, आता थेट खात्यात येतात. बाहेरगावी कामाला गेलेल्या मजुराला तिथल्या दुकानात धान्य मिळू शकते. ज्या माणसाकडे कुठलाच कागद नव्हता त्याला निदान एक कागद मिळाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार दिले गेले, तेव्हा हेच वचन होते आणि ते चांगले होते. माझा वाद ओळखपत्राशी नाही. ओळखपत्र माणसाने दाखवायचे असते. इथे माणसालाच रोज मशीनसमोर सिद्ध व्हावे लागते आणि मशीन नाही म्हणाले की, पंधरा वर्षे ओळखणारा रेशन दुकानदारही 'मी काय करू?' म्हणतो. खोटा लाभार्थी सापडला की त्याची आकडेवारी होते, खरा लाभार्थी हात हलवत परतला की त्याची नोंदसुद्धा होत नाही.

ताजे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारसोबत पतीचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला. पती वारला आहे, वडील आधीच गेले आहेत, अशा बाईने कुणाचा ओटीपी आणायचा? योजना ज्यांच्या नावाने आहे त्यांत विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, हे योजनेतच लिहिलेले होते. तरी पोर्टल तयार करताना हा प्रश्न कुणाला पडला नाही. ओरड झाल्यावर मुदतवाढ आली, मृत्यूचे दाखले जमा करण्याची वाट निघाली. तोवर केंद्रांवरच्या रांगांत बायांची मजुरी बुडली, तिचा हिशेब कोण देणार?

कायद्यात उपाय नाहीत असेही नाही. आधार कायद्याचे कलम ७ सांगते की, क्रमांक मिळाला नसेल तर ओळखीचे दुसरे साधन स्वीकारून लाभ द्यावा. पडताळणी अयशस्वी झाली म्हणून कुणाचा लाभ नाकारू नये, असे प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७च्या परिपत्रकात लिहिले आणि सरकारने सर्वोच्च न्यायालयातही तसेच सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ला न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार उचलून धरले. तो एक आवाज न्या. धनंजय चंद्रचूड यांचा होता. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला राष्ट्रीय ओळख कायदा रद्द करताना याच विरोधी निकालपत्राचा मोठा आधार घेतला. आपल्याकडे अल्पमतात राहिलेले म्हणणे समुद्रापार कामी आले. मूळ कायद्यात तर आधारसंबंधी गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायची असेल तर तक्रार प्राधिकरणाचीच हवी, अशी तरतूद होती. ज्याचे नुकसान झाले त्याला दारच नव्हते. २०१९च्या दुरुस्तीने ते काही कलमांपुरते किलकिले झाले एवढेच.

तेव्हा 'जागरूक राहा' हा उपदेश आता पुरे. जागरूक कोणी राहायचे ते मी सांगतो. ज्या कार्यालयाने आधारची झेरॉक्स घेतली त्याने ती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवणार आणि कशी नष्ट करणार हे लिहून द्यावे. शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत प्रत्येक ठिकाणी चाललीच पाहिजे. ठसे न जुळल्याने करावे लागणारे अपडेट सगळ्यांना फुकट असावे आणि ते मशीन महिन्यातून ठरल्या दिवशी ग्रामपंचायतीत यावे. रोवणीच्या दिवसांत बाईने तालुक्याला जाऊ नये. रेशन दुकानात बोट जुळले नाही तर वहीत सही घेऊन धान्य त्याच दिवशी द्यावे आणि 'जुळले नाही' याची मराठीत छापील पावती द्यावी, म्हणजे निदान नकाराचा पुरावा तरी हाती राहील. अंगठ्यावर खात्यातून पैसे गेले तर आपण काढले नाहीत हे खातेदाराने नव्हे, त्यानेच काढले हे बँकेने सिद्ध करावे.

यातली एकही मागणी चंद्रावर यान पाठवण्याइतकी अवघड नाही. देशातल्या प्रौढांची बोटे आणि बुबुळे टिपणाऱ्या यंत्रणेला एक पावती छापता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. ती छापली जात नाही, कारण ती छापली की चूक कुणाची हे कागदावर येते.